पुढची फळी आणि मागची जागा
खंदकांच्या युद्धात बचाव कसा केला जायचा?
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



सातारा, रत्नागिरी या भागांतल्या काही गावांत एक जुनी दगडी पाटी पाहायला मिळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. त्या गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात. पाटीवर आकडा असतो, पण ही माणसं कसल्या लढाईत सापडली होती ते पाटी सांगत नाही.

आज आपण त्या लढाईतल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ती गोष्ट म्हणजे बचाव. हल्ल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पण पहिलं महायुद्ध चार वर्षं लांबलं ते मुख्यतः बचावाच्या ताकदीमुळे. बचाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? सगळ्यांनी पुढे उभं राहायचं, छातीचा कोट करायचा, एक पाऊलही मागे घ्यायचं नाही. त्या वेळच्या मोठमोठ्या सेनापतींनाही असंच वाटत होतं. या समजुतीची किंमत लाखो घरांनी मोजली.

चर का खणले?

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममधून फ्रान्समध्ये शिरलं. सप्टेंबरमध्ये मार्न नदीपाशी फ्रेंच आणि इंग्रज फौजांनी त्याला अडवलं. जर्मन थोडे मागे सरले, एका नदीपलीकडच्या उंचवट्यावर थांबले आणि त्यांनी जमिनीत चर खणले. समोरच्यांनीही खणले. मग दोघेही एकमेकांना वळसा घालायला उत्तरेकडे सरकत गेले आणि जिथे थांबले तिथे खणत गेले. वर्ष संपेपर्यंत समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांब खंदकांची रांग तयार झाली. आपला नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग जेवढा लांब आहे, जवळपास तेवढी.

हे खंदक सरळ रेषेत नसत, नागमोडी असत. कारण शत्रू एका टोकाला शिरला, तर त्याला सबंध चरात सरळ गोळ्या झाडता येऊ नयेत. चरापुढे काटेरी तारेची जाळी असे. ही तार अमेरिकेत गुरं शेतात शिरू नयेत म्हणून निघाली. आपण कुंपणाला लावतो तीच. तारेत अडकलेल्या माणसावर नेम धरून मशीनगन बसवलेली असे. ती मिनिटाला चारशे-पाचशे गोळ्या झाडायची. उघड्या माळावरून चालत येणाऱ्यांनी तिच्यापुढे करायचं तरी काय?

त्याहून मोठं कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते आहे आगगाडी. समजा, हल्ला करणाऱ्यांनी पुष्कळ माणसं गमावून समोरच्या फळीला भगदाड पाडलं. आता त्यांना पुढे जायचंय ते पायी, आपल्याच तोफांनी उकरून ठेवलेल्या चिखलातून. त्यांच्या तोफा मागे राहिलेल्या, टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, पाणी आणि दारूगोळा पाठीवरून आणायचा. बचाव करणाऱ्याच्या मागे मात्र रेल्वे शाबूत आहे. तो दुसरीकडची पलटण गाडीत बसवून आणतो. म्हणून भगदाड रुंद होण्याआधीच बुजवलं जायचं.

सोमची लढाई

१९१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या सोम नदीच्या परिसरात इंग्रजांनी सात दिवस तोफा चालवल्या. सुमारे १५ लाख गोळे टाकले. समोर कुणी जिवंत उरलं नसेल, असा त्यांचा हिशोब होता. पण जर्मनांनी तिथल्या खडूसारख्या मऊ दगडात २०-३० फूट खोल तळघरं कोरली होती. १ जुलैला सकाळी तोफा पुढे वळताच ते मशीनगन घेऊन वर आले. त्या एका दिवसात इंग्रज सैन्याचे ५७,४७० जण मेले, जखमी झाले, हरवले किंवा पकडले गेले. त्यांतले १९,२४० मेले.

म्हणजे बचाव जिंकला? त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी जिंकला. पण लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली आणि पुढच्या महिन्यांत बचाव करणारे जर्मनही तसेच भरडले गेले. कारण त्यांना वरून हुकूम होता की जमीन सोडायची नाही, आणि गेलीच तर लगेच परत घ्यायची. म्हणून पुढच्या चरात माणसं दाटीनं भरलेली. दाटी जिथे, तोफगोळा तिथेच पडणार. गेलेला एखादा मोडका चर, ज्याचा काही उपयोग उरला नव्हता, तो परत घ्यायला पुन्हा उघड्यावर धावायचं आणि पुन्हा मरायचं. सोमच्या साडेचार महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून दहा लाखांच्या आसपास सैनिक मेले किंवा जखमी झाले.

एक बांध की माथ्यापासून चर?

पुढे काय बदललं ते समजायला आपल्या पाणलोटाच्या कामाकडे बघा. डोंगरावरून लोंढा येतो. पायथ्याशी एकच मोठा बांध घातला, तर काय होतं? सगळा जोर त्याच्यावर. एकदा फुटला की खालचं शेत गेलंच. म्हणून आपण माथ्यापासून काम करतो. वर समतल चर, मग दगडी बांध, मग नाल्यात माती अडवणं. पहिला चर पाणी पूर्ण थांबवत नाही. तो त्याचा वेग मोडतो. दुसरा आणखी मोडतो. खाली येईस्तोवर लोंढ्याचं चालतं पाणी झालेलं असतं, आणि ते अडवता येतं.

जर्मन सैन्याला सोमनंतर हेच उमगलं. ऑगस्ट १९१६ च्या अखेरीस त्यांचे मुख्य सेनापती फाल्केनहाइन यांना बदललं गेलं. त्यांच्या जागी हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ आले. १ डिसेंबर १९१६ ला बचावाच्या लढाईची नवी पुस्तिका निघाली. तिच्यातली पद्धत साधारण अशी होती.

सगळ्यात पुढे थोडी माणसं, चौक्यांसारखी. त्यांचं काम म्हणजे शत्रू येतोय हे कळवणं आणि त्याचा वेग मोडणं. त्यांच्या मागे खरी लढाईची जागा. ती एक रेघ नव्हती, दीड-दोन किलोमीटर खोल पट्टा होता. त्यात मशीनगनची छोटी छोटी ठाणी इकडेतिकडे पेरलेली, एकमेकांना आधार देतील अशी. गोळे पडू लागले, तर ठाण्यातल्या माणसांनी बाजूला सरकावं, थोडं मागेही यावं. आणि त्याच्याही मागे, तोफांच्या माऱ्याबाहेर, ताज्या दमाच्या राखीव तुकड्या. शत्रू आत शिरून दमला, पांगला, त्याच्या तोफांचा आधार तुटला की नेमक्या त्या वेळी राखीव तुकड्यांनी उलटा हल्ला करायचा. जमीन तात्पुरती जाऊ द्यायची, माणसं वाचवायची आणि मग जमीन परत घ्यायची.

याला विरोधही झाला. फॉन लॉसबर्ग नावाचे एक अनुभवी जर्मन अधिकारी म्हणत होते की पुढच्या शिपायाला मागे सरकायची मुभा दिली, तर कोण कुठे थांबेल याचा मेळ राहणार नाही. हा आक्षेप पोकळ नव्हता. मागे सरणं आणि पळणं यांत फरक एवढाच, की मागे सरणाऱ्याला आपण कुठे थांबायचं आणि मदतीला कोण येणार हे ठाऊक असतं. पुढे याच लॉसबर्गनी ही पद्धत इतकी बारकाईनं बसवली, की जिथे संकट तिथे त्यांनाच पाठवू लागले.

नुसती मागे जागा असून भागतं का? नाही. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या विमीच्या टेकडीवर कॅनडाच्या सैन्यानं हल्ला केला. तिथल्या जर्मन सेनापतीनं पुढची फळी जुन्या पद्धतीनं भरून ठेवली होती, आणि राखीव तुकड्या इतक्या दूर, की त्या वेळेवर पोहोचल्याच नाहीत. टेकडी गेली. आठवड्याभरातच, १६ एप्रिलला, फ्रेंच सेनापती निव्हेल यांनी दुसऱ्या भागात मोठा हल्ला केला. दोन दिवसांत फळी फोडतो, असं त्यांनी सांगितलं होतं. तिथे पट्टा खोल होता आणि राखीव तुकड्या जवळ होत्या. फळी फुटली नाही. निराश झालेल्या फ्रेंच शिपायांनी त्यानंतर अनेक पलटणींत पुन्हा हल्ल्याला जायला नकार दिला.

पुढे फ्रेंचही हीच रीत शिकले. १५ जुलै १९१८ ला जर्मनांनी शँपेन भागात हल्ला केला. फ्रेंच सेनापती गुरो यांना पकडलेल्या कैद्यांकडून हल्ल्याची वेळ आधीच कळली होती. त्यांनी पुढचा चर जवळजवळ रिकामा केला. जर्मन तोफांचा सगळा मारा त्या रिकाम्या चरावर गेला, आणि पुढे आलेलं सैन्य मागच्या खऱ्या फळीवर अडकलं. पण ‘जवळजवळ रिकामा’ म्हणजे तिथे मूठभर माणसं ठेवली होती, खुणेचे बाण उडवून मागे खबर द्यायला. आपल्यातले थोडेच परतणार, हे त्यांना माहीत होतं. शहाणपणाच्या बचावालाही किंमत असते. ती कमी असते, पण कुणाला तरी द्यावीच लागते.

सोडलेली जमीन कुणाची?

इथे एक प्रश्न आपण बायांनी विचारलाच पाहिजे. सेनापती म्हणतो, जमीन सोडू आणि माणसं वाचवू. पण ती जमीन कुणाची असते?

फेब्रुवारी-मार्च १९१७ मध्ये जर्मन सैन्य आपण होऊन फ्रान्समध्ये मागे सरकलं आणि आधीच बांधून ठेवलेल्या मजबूत फळीत जाऊन बसलं. तिला हिंडेनबर्ग फळी म्हणतात. वाकडीतिकडी रेषा सरळ झाल्यानं ती राखायला माणसं कमी लागली आणि तेरा-चौदा डिव्हिजन मोकळ्या झाल्या. एका डिव्हिजनमध्ये हजारो सैनिक असतात. लष्करी हिशोबानं हे काम चोख होतं.

पण जाताना त्यांनी तो पट्टा राहण्यालायक ठेवला नाही. शत्रूला आसरा मिळू नये म्हणून गावंच्या गावं पाडली, रस्ते उडवले, विहिरी नासवल्या, फळझाडं तोडली. लाखाहून अधिक रहिवाशांना तिथून हलवलं. नकाशावर ती ‘सोडलेली जागा’ होती. तिथल्या बाईसाठी ती विहीर, ते झाड आणि ते घर होतं. तोडलेल्या झाडाला पुन्हा फळं यायला किती वर्षं लागतात, हे आपल्याला सांगायची गरज नाही. मागे सरणं शहाणपणाचं असू शकतं, पण त्याचा हिशोब मांडताना सैनिकांबरोबर गावकरीही मोजायला हवेत.

कुत: फळी टिकली, धान्य संपलं

आता आपल्या माणसांकडे येऊ. आपल्याकडचे पुष्कळ शिपाई त्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. इंग्रजांच्या हिंदी सैन्यातली सहावी पुणे डिव्हिजन तिथे गेली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सेनापती होते टाउनशेंड.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या जवळ या डिव्हिजनला तुर्की सैन्यानं रोखलं. फार माणसं गेली. ती मागे फिरली आणि तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावात येऊन थांबली. कुतला नदीचा वळसा आहे, तीन बाजूंना पाणी. उरलेल्या बाजूला त्यांनी खंदक खणले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा घातला. २४ डिसेंबरला त्यांनी जोराचा हल्ला केला, तो आपल्या शिपायांनी परतवला. मग तुर्कांनी धोरण बदललं. गावावर माणसं खर्च करायची नाहीत, उपाशी ठेवायचं. आणि नदीच्या खालच्या अंगाला, जिथून सुटकेची फौज येणार, तिथे आपण खंदक खणून बसायचं. हन्ना इथे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल, मध्ये सुमारे मैलभर सपाट जमीन. वळसा घालायला वावच नाही.

आता नीट ऐका. सुटकेची फौज यायला किती अवधी आहे, हे एका गोष्टीवर ठरत होतं: कुतमध्ये धान्य किती आहे. टाउनशेंड यांनी सुरुवातीला कळवलं, ते दोनेक महिन्यांच्या बेताचं. म्हणून बाहेरच्या फौजेची घाई झाली. तुकड्या पुऱ्या जमल्या नव्हत्या, तोफा आणि दवाखान्याची सोय अपुरी होती, तरी जानेवारी १९१६ मध्ये त्यांना तुर्की खंदकांवर पाठवलं गेलं. २१ जानेवारीला हन्नाला थंडीत, पावसात, चिखलात त्यांची दैना झाली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुत गावाची नीट झडती घेतली, तेव्हा धान्याचा मोठा साठा निघाला! आणखी ८४ दिवस निभावेल, असं मग कळवलं गेलं. तोवर शिधाही फारसा कमी केलेला नव्हता.

घरात कणगी किती भरली आहे, हे हात घालून बघितल्याशिवाय आपल्यातली एक तरी बाई ‘दोन महिन्यांचं आहे’ असं सांगेल का? इथे एका चुकीच्या मोजणीनं हजारो माणसं अपुऱ्या तयारीनिशी खंदकांवर गेली.

पुढे मार्च-एप्रिलमध्येही हल्ले फसले. कुतमध्ये घोडे मारून खाल्ले जाऊ लागले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. धर्म होता, आणि गावी परतल्यावर लोक काय म्हणतील ही भीतीही होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप बिनतारी यंत्रानं मागवले गेले. तोवर पुष्कळांची ताकद ओसरली होती. विमानातून अन्नाची पोती टाकून पाहिली, ती पुरणारी नव्हती. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद घेऊन जुलनार नावाची बोट निघाली. तुर्कांनी नदीत आडव्या लावलेल्या तारेच्या दोरखंडाला ती अडकली आणि पकडली गेली.

२९ एप्रिल १९१६ ला कुतनं शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. कैद्यांना वाळवंटातून पायी चालवलं गेलं. त्यांतले हजारो भुकेनं, आजारानं गेले. कुतची फळी शेवटपर्यंत कुणी फोडली नव्हती. पण तिच्यामागे सरकायला जागा नव्हती, वेळेवर पोहोचणारी राखीव फौज नव्हती, आणि रसद संपली.

थोडक्यात

या सगळ्यातून लक्षात ठेवायचं ते इतकं. पुढची फळी कितीही शूर असो, ती टिकते मागच्या तीन गोष्टींवर: सरकायला जागा, वेळेवर येणारी ताजी माणसं, आणि नीट मोजलेली रसद. यांपैकी एक नसली, की उरलेला भार पुढच्या माणसाच्या जिवावर पडतो. ‘एक इंचही मागे नाही’ हा हुकूम ऐकायला रुबाबदार वाटतो. पण तो देणारा बहुतेक वेळा पुढच्या चरात नसतो.

आजही युक्रेनमधल्या युद्धाच्या बातम्यांत खंदक आणि काटेरी तार दिसते. तिथलं एखादं गाव ‘पडलं’ किंवा ‘सोडलं’ असं ऐकलंत, तर पुढचे प्रश्न मनात येऊ द्या. सोडून माणसं वाचली का? गावकरी कुठे गेले? मागून मदत येणार होती का?

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात अशी पाटी आहे का, ते वडीलधाऱ्यांना विचारा. कुणाच्या पणजोबांचं, खापरपणजोबांचं नाव, पलटणीचा क्रमांक, एखादं जुनं पदक, पेन्शनचा कागद घरात असेल, तर वहीत नोंद करून ठेवा. आणि तो माणूस गेल्यावर त्याच्या घरातल्या बाईनं शेत कसं राखलं, मुलं कशी वाढवली, हेही कुणाला आठवत असेल तर लिहून घ्या. त्या पाट्यांवर बायांची नावं नाहीत. ती आपल्या वहीत तरी असू द्या.